जीवशास्त्राच्या बाईंना कोणती विज्ञान कादंबरी द्यावी?

पत्र:

"माझी मैत्रीण पुढच्या महिन्यात साठ वर्षांची होईल. एम. एस. युनिव्हर्सिटीत आम्ही बरोबर होतो. पुढे तिने इथल्याच एका शाळेत जीवशास्त्र शिकवलं. मराठी, गुजराती, इंग्रजी तिन्ही वाचते. इंग्रजी सावकाश वाचते, पण हातात घेतलेलं अर्धवट टाकत नाही. दुर्गाबाईंचं 'ऋतुचक्र' तिच्या उशाशी असतं. कॉलेजात नारळीकरांच्या कथांवरून आमचे तासन् तास वाद व्हायचे. आता मात्र म्हणते, 'विज्ञानकथेत यंत्रं वाढली गं, जीव कमी झाला.' म्हणूनच तिला एखादी नवी, चांगली विज्ञान कादंबरी द्यायचं माझ्या मनात आहे. भाचा 'प्रोजेक्ट हेल मेरी' दे म्हणतो, दुकानदाराने 'थ्री-बॉडी प्रॉब्लेम' पुढे केलं, सुनेने बुकर मिळालेलं 'ऑर्बिटल' सुचवलं. मी स्वतः फारसं वाचत नाही. आणखी एक सांगायला हवं. गेल्या श्रावणात तिची आई गेली. दोघी रोज रात्री एकमेकींना वाचून दाखवायच्या. मध्यंतरी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. काय घेऊ?"

– एक मैत्रीण, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर:

ताई, तुम्हाला सुचवलेली तिन्ही पुस्तकं चांगली आहेत, पण तुमच्या मैत्रिणीला या वाढदिवसाला मी त्यांतलं एकही देणार नाही. माझी पसंती चौथ्या पुस्तकाला आहे. रे नेलर यांची 'द माउंटन इन द सी', २०२२ साली आलेली. कारणं जरा सविस्तर लिहिते, कारण आपण मैत्रिणीच्या हातात काय ठेवतो आहोत हे तुम्हालाही माहीत असायला हवं.

'यंत्रं वाढली, जीव कमी झाला.' तुम्ही हे वाक्य ओघात लिहिलंत, पण माझं उत्तर मला त्यातच मिळालं. वाचणाऱ्या माणसासाठी पुस्तक निवडताना आपण पुस्तकांकडे बघत बसतो: कशाला पारितोषिक मिळालं, कशावर सिनेमा निघाला, दुकानात दर्शनी फळीवर काय आहे. बघायचं असतं ते त्या माणसाकडे. आजवरच्या वाचनात ते कुठे रेंगाळलं, काय पुन्हा पुन्हा उघडलं. तुमची मैत्रीण 'ऋतुचक्र' उशाशी ठेवते. म्हणजे कोणत्या महिन्यात कोणत्या झाडाची पालवी कशी दिसते, हे थांबून बघणाऱ्या नजरेवर तिचा जीव आहे. त्यातून ती जीवशास्त्राची शिक्षिका. अशा बाईला नुसत्या अचाट कल्पनेने समाधान मिळणार नाही. तिला निरीक्षण लागेल, सजीवाबद्दलचं कुतूहल लागेल, आणि भाषा जपून वापरलेली लागेल.

'द माउंटन इन द सी'च्या केंद्रस्थानी ऑक्टोपस आहे. व्हिएतनामच्या दक्षिणेला कोन दाओ नावाचा खराखुरा द्वीपसमूह आहे. फ्रेंचांच्या राजवटीत तिथे तुरुंग होता. कादंबरीतल्या भविष्यकाळात एका बलाढ्य कंपनीने ही बेटं विकत घेतली आहेत आणि तिथल्या रहिवाशांना हलवलं आहे, कारण भोवतालच्या समुद्रात ऑक्टोपसची एक विलक्षण वसाहत असावी असा संशय आहे. 'हा' नावाची एक सागरी जीवशास्त्रज्ञ तिथे येते. तिच्यापुढचा प्रश्न असा: हे प्राणी कातडीवर जी चित्रं उमटवतात ती भाषा आहे का? असेल तर ती समजून घ्यायची कशी? आणि त्यांना आपल्याशी बोलायचंच नसेल तर?

खऱ्या ऑक्टोपसबद्दल जे ठाऊक आहे, ते तुमच्या मैत्रिणीने शाळेत शिकवलेलंच असेल. तीन हृदयं. तांब्याच्या संयुगामुळे निळसर दिसणारं रक्त. सुमारे ५० कोटी चेतापेशी, आणि त्यांतल्या जवळजवळ दोन तृतीयांश मेंदूत नसून आठ बाहूंमध्ये विखुरलेल्या. म्हणजे आपण ज्याला 'विचार' म्हणतो, तो या प्राण्याच्या बाहूंतही चालत असावा. पण एवढी बुद्धी असूनही बहुतेक जातींचं आयुष्य एक-दोन वर्षांचंच. मादी अंडी राखत बसते, त्या काळात खाणं सोडते, आणि पिल्लं बाहेर पडण्याच्या सुमारास मरते. आई पिल्लाला काही शिकवूच शकत नाही. प्रत्येक पिढीला सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

नेलर यांनी नेमकी हीच जागा धरली आहे. एखाद्या ठिकाणी हा अडसर दूर झाला, एका पिढीचं ज्ञान दुसरीच्या हाती लागू लागलं, तर काय होईल? चांगल्या विज्ञान कादंबरीकडून मला हीच अपेक्षा असते. माहीत असलेल्या शास्त्रात एकच गोष्ट बदलायची, आणि तिचे परिणाम प्रामाणिकपणे शेवटपर्यंत तपासायचे. तुमच्या मैत्रिणीला ते एक पाऊल नेमकं कुठे टाकलंय हे कुणी सांगावं लागणार नाही. ते ओळखण्यातला आनंद तिच्यासारख्या वाचकालाच मिळतो, मला किंवा तुम्हाला तो तितका मिळणार नाही.

जामनगरजवळ कच्छच्या आखातात आपलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ सालचं. ओहोटीच्या वेळी नरारा बेटाजवळच्या प्रवाळांतून चालत गेलं तर डबक्यांत ऑक्टोपस बघायला मिळतो. तुमच्या मैत्रिणीने कधी मुलांची सहल तिकडे नेली होती का, विचारा. नेली असेल तर हे पुस्तक तिला लगेच आपलं वाटेल.

आता यातल्या उण्या बाजू, कारण भेट देणाऱ्याला त्याही ठाऊक हव्यात. पुस्तक साडेचारशे पानांच्या आसपास आहे. त्यात तीन धागे समांतर चालतात. एक बेटावरच्या संशोधनाचा. दुसरा एका मासेमारी जहाजाचा: त्यावर माणसं गुलामासारखी डांबलेली आहेत आणि जहाजाचं सगळं नियंत्रण संगणकी बुद्धीकडे आहे. तिसरा अशाच बुद्धीत शिरकाव करू पाहणाऱ्या एका माणसाचा. हा तिसरा धागा बराच वेळ सुटासुटा वाटतो. जहाजावरच्या प्रकरणांत हिंसा आहे, काही ठिकाणी अंगावर येणारी. पात्रं कधी कधी कथा बाजूला ठेवून मेंदू, भाषा, जाणीव यांवर लांबलचक बोलतात. घाईने वाचणारा तिथे कंटाळेल. 'सावकाश वाचते पण टाकत नाही' असं ज्या वाचकाबद्दल लिहिता येतं, तिला ती संभाषणं आवडतील असं मला खात्रीने वाटतं. आणि हो, यात यंत्रंही आहेत. एव्हरिम नावाचं एक माणसासारखं यंत्र तर मुख्य पात्रांपैकी आहे. पण इथे यंत्राकडे बघतानाही प्रश्न तोच विचारला आहे: दुसऱ्याचं मन आपल्याला कळतं म्हणजे नेमकं काय होतं? तुमच्या मैत्रिणीची तक्रार यंत्रांबद्दल नसावी, जीव हरवल्याबद्दल असावी, असा माझा अंदाज आहे.

भाच्याच्या सूचनेबद्दल थोडक्यात. अँडी वीअर यांची 'प्रोजेक्ट हेल मेरी' (२०२१) त्याला का आठवली ते कळतं. तिचा नायकही शाळेत विज्ञान शिकवणारा आहे. अंतराळयानात जागा होतो तेव्हा त्याला स्वतःचं नावही आठवत नसतं, आणि सूर्याचं तेज खाणाऱ्या एका सूक्ष्मजीवावर त्याला उपाय शोधायचा असतो. एकामागून एक प्रयोग, चुका, पुन्हा प्रयोग. अतिशय वाचनीय आहे, आणि मैत्रीबद्दल तिच्यात फार सुंदर भाग आहे, तो इथे उघड करत नाही. पण तिची सगळी ताकद 'आता पुढे काय' यात आहे. परतून वाचण्यासारखी वाक्यं तिच्यात कमी, आणि तुमची मैत्रीण परतून वाचणाऱ्यांतली आहे. भाच्यालाच सांगा, त्याची प्रत तिला कधीतरी वाचायला दे.

'थ्री-बॉडी प्रॉब्लेम'ला माझी हरकत वेगळी आहे. लिउ त्सिशिन यांची ही चिनी कादंबरी इंग्रजीत २०१४ साली आली, आणि पुढच्याच वर्षी तिला विज्ञानसाहित्यासाठीचं ह्यूगो पारितोषिक मिळालं. भाषांतरित कादंबरीला ते मिळण्याची ती पहिलीच वेळ. तिची सुरुवात मी विसरू शकत नाही. सांस्कृतिक क्रांतीच्या दिवसांत एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला भर सभेत मारून टाकतात, आणि त्याची मुलगी ते बघते. पुढच्या सगळ्या कथेचं मूळ त्या एका दृश्यात आहे. पण नंतर माणसं मागे पडतात आणि कल्पना पुढे येतात. 'जीव कमी झाला' ही तक्रार तिथे खरी ठरेल अशी मला भीती वाटते. शिवाय हा तीन खंडांतला पहिला खंड. साठाव्या वाढदिवसाला कुणाला तिसरा भाग संपेपर्यंत बांधून घालू नये. ते पुस्तक ज्याने त्याने आपणहून उचलावं.

'ऑर्बिटल'बद्दल मात्र मला थांबून लिहायचं आहे, कारण ही तिन्हींतली सर्वांत देखणी कादंबरी आहे, आणि तुमच्या सुनेची वाचनाची जाण चांगली आहे. समँथा हार्वी यांच्या या पुस्तकाला २०२४ सालचं बुकर मिळालं. दीडशेहूनही कमी पानं. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरची सहा माणसं आणि त्यांचा फक्त एक दिवस. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतं, एका फेरीला जेमतेम दीड तास लागतो, म्हणून आपल्या एका दिवसात त्यांच्या सोळा फेऱ्या होतात आणि सोळा वेळा सूर्य उगवतो. कादंबरीत जवळजवळ काहीच घडत नाही. खाली एक मोठं वादळ फिलिपिन्सकडे सरकत असतं, आणि वर ही माणसं प्रयोगांच्या नोंदी ठेवतात, व्यायाम करतात, खिडकीतून पृथ्वीकडे बघत राहतात. ते बघणं इतक्या तन्मयतेने लिहिलंय की 'ऋतुचक्र'च्या वाचकाला त्यातली जातकुळी लगेच ओळखू येईल. ही विज्ञान कादंबरी म्हणायची की नाही यावर वाद आहे. मला तो महत्त्वाचा वाटत नाही.

पण त्या सहांपैकी एक, चिए नावाची जपानी अंतराळवीर, तिला वर असतानाच आई गेल्याची बातमी कळते. ती परत येऊ शकत नाही, अंत्यसंस्काराला जाऊ शकत नाही, आणि पुस्तकभर ते दुःख तिच्याबरोबर फिरत राहतं. हार्वी यांनी ते फार संयमाने हाताळलं आहे. म्हणूनच ते खोल जातं. श्रावणात आई गेलेल्या मैत्रिणीच्या हातात, रंगीत कागदात बांधून, काही न सांगता हे पुस्तक देऊ नका. सुनेने हे लक्षात न घेता सुचवलं असेल, तिला बोल लावण्यासारखं त्यात काही नाही.

याचा अर्थ तिने ते कधीच वाचू नये असा नाही. कदाचित हेच पुस्तक तिला सगळ्यांत जवळचं वाटेल. फक्त ते कधी उघडायचं हे तिने ठरवावं. काही महिन्यांनी सहज बोलता बोलता सांगा, "एक पुस्तक आहे, छान आहे, पण त्यात आई जाण्याचा भाग आहे. हवं तेव्हा माझ्याकडून घे." हवं असेल तर ती मागेल. आकाश निरभ्र असलं आणि वेळ जुळली, तर तिन्हीसांजेनंतर ते स्थानक बडोद्याच्या गच्चीवरूनही नुसत्या डोळ्यांनी दिसतं, सरळ रेषेत शांतपणे जाणाऱ्या ठळक ताऱ्यासारखं. त्याच्या वेळा इंटरनेटवर मिळतात. दोघींनी एकदा जरूर बघा, पुस्तक वाचलं नाही तरी.

याच कारणासाठी काझुओ इशिगुरो यांची 'क्लारा अँड द सन' (२०२१) मी यादीतून काढली. इंग्रजी अगदी साधं, निवेदन करणारी एक यंत्र-सखी, पण घरात आजारी मुलगी आणि तिला गमावण्याची धास्ती. किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या 'द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर'चं (२०२०) पहिलंच प्रकरण उत्तर प्रदेशातल्या जीवघेण्या उष्णतेच्या लाटेचं आहे. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे वीज गेली की ते मला हमखास आठवतं. महत्त्वाचं पुस्तक, पण वाढदिवसाचं नव्हे. आपल्याकडच्या लेखकाचंच हवं असेल तर लावण्या लक्ष्मीनारायण यांचं 'द टेन पर्सेंट थीफ' बघा. भविष्यातलं बंगळुरू, माणसांची किंमत त्यांच्या उत्पादकतेवर ठरवणारी व्यवस्था, एकमेकींत गुंफलेल्या कथा. विज्ञान कादंबऱ्यांसाठीच्या आर्थर सी. क्लार्क पारितोषिकाच्या २०२४च्या अंतिम यादीत ते होतं. समाजाबद्दलचं वाचायला आवडणाऱ्याला मी ते आधी दिलं असतं.

मराठीतलं का नाही, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. नारळीकरांची 'प्रेषित', 'वामन परत न आला', 'व्हायरस' तिने वाचलेली असणार. मे २०२५ मध्ये ते गेले तेव्हा तुम्हा दोघींना कॉलेजातले ते वाद नक्की आठवले असतील. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेला त्यांनी आपली पहिली कथा 'कृष्णविवर' टोपणनावाने पाठवली होती. नावाच्या वलयाशिवाय कथा उभी राहते का, हे त्यांना बघायचं होतं, आणि तिला पहिलं पारितोषिक मिळालं. त्यांच्यानंतरच्या मराठी विज्ञानसाहित्यात मला कथा जास्त भावल्या, दिवाळी अंकांतून वाचलेल्या. अलीकडची, साठीच्या भेटीसाठी हातात धरावी अशी लांब कादंबरी मला मराठीत सापडलेली नाही, आणि याची मला मनापासून खंत आहे. कुणा वाचकाला ठाऊक असेल तर अवश्य कळवा.

आता विकत घेण्याबद्दल. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर सुधारते, पण जवळचं वाचायला बहुतेकांना चष्मा लागतोच, आणि बारीक, पुसट छपाई त्रास देते. फुटपाथवर किंवा फार स्वस्तात मिळणाऱ्या प्रती पायरेटेड असण्याची शक्यता मोठी. त्यांचा कागद पातळ असतो, मागच्या पानाची शाई पुढे दिसते, कधी पानंच गळालेली असतात. भरवशाच्या दुकानातून अस्सल प्रत घ्या. पुठ्ठा-बांधणीची मिळाली तर छपाई बहुधा ऐसपैस असते, पण हातात जड होते. रात्री पडून वाचायची सवय असेल तर साधी बांधणी बरी. तिने ते आधीच वाचलेलं तर नाही ना, याचीही चौकशी करा. मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत ती जात असेल तर एक दिवस तिच्याबरोबर जा, आणि ती कोणत्या कपाटापाशी किती वेळ उभी राहते ते बघा. सयाजीरावांनी १९१० साली ग्रंथालयाचं काम उभारायला थेट अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, ते बडोद्याच्या सामान्य माणसाने पुस्तकांपाशी असंच उभं राहावं म्हणून. काचेच्या फरशांचं ते पुस्तकघर तुम्ही बऱ्याच वर्षांत पाहिलं नसेल, तर त्या निमित्ताने तेही होईल.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. रात्री वाचून दाखवणारं आणि ऐकणारं माणूस तिच्या घरातून गेलं आहे. ती जागा भरायला जाऊ नका, ती भरत नाही, आणि तसा प्रयत्न तिला टोचेल. पण या कादंबरीची एक सोय आहे. प्रत्येक प्रकरणाच्या आधी एक छोटा उतारा येतो, कथेतल्याच दोन शास्त्रज्ञ बायकांच्या काल्पनिक पुस्तकांतला, मन आणि भाषा यांबद्दलचा. वाचायला दोन मिनिटं लागतात, बोलायला अर्धा तास पुरत नाही. तुम्ही फारसं वाचत नाही असं लिहिलंत, तरी एवढं तुम्हाला सहज जमेल. आठवड्यातून एकदा चहाला जा, तिला म्हणा, "तू आलीस तिथपर्यंतचा उतारा मला वाचून दाखव आणि समजावून सांग." ती शिक्षिका आहे. समजावून सांगायला तिला आवडेल. मात्र 'किती झालं', 'कसं वाटलं' असं फोनवर विचारत राहू नका. भेटीच्या पुस्तकाचा अभ्यास होऊन बसतो.

पहिल्या पानावर नुसतं 'सप्रेम भेट' लिहून सोडू नका. हे पुस्तक तुम्ही का निवडलंत ते दोन ओळींत लिहा, तिचं ते यंत्रांबद्दलचं वाक्य लिहिलंत तरी चालेल. पुढच्या महिन्यातला वाढदिवस म्हणजे हातात फार दिवस नाहीत. इथल्या दुकानात हे पुस्तक तयार असेलच असं नाही, मागवावं लागेल, तेव्हा याच आठवड्यात सांगून ठेवा. आणि प्रत हातात आली की बांधायच्या आधी पहिलं प्रकरण तुम्ही स्वतः वाचा. ते वाचूनही हे तिच्यासाठी नाही असं वाटलं, तर माझं न ऐकता तुमच्या मनाचं ऐका. तिला इतकी वर्षं तुम्ही ओळखता, मी नाही.